रांजणाची कुरकुर

पुनाता,
६ ऑक्टोबर १९६२

आदरणीय कोमाद्रे होविता यांस,

नासारिओचा स. न. वि. वि.

मी आहे तसाच आहे. खोकला सकाळचा येतो, दुपारी जातो. तुमचा गुडघा ओरुरोच्या थंडीत कसा राहतो ते कळवा. मागचं पत्र सेवेरोच्या ट्रकवर दिलं होतं. पोचवलं असं तो सांगतो, पण पत्र नदीत पडलं असतं तरी त्याने तेच सांगितलं असतं. म्हणून हे पत्र त्याच्या टोपीच्या अस्तरात घालून देतो आहे. टोपी मीच केलेली आहे, तिचं अस्तर मला ठाऊक आहे.

आता मुख्य गोष्ट. येत्या सर्व संतांच्या सणाला माझ्या आसुन्तासाठी पहिल्यांदा मेज मांडायचं आहे. तिला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही, म्हणजे यंदाचं मेज सगळ्यांत महत्त्वाचं. एक तारखेला भर दुपारी ती येणार आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाणार. पाव आहे, फुलं आहेत, ऊस आहे, ते सगळं होईल. पण चिचा, मक्याची दारू, ती कोण आंबवणार? लेक सांताक्रूसहून लिहिते की विकत आणा, बाबा, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका. मी तिला उत्तर दिलं नाही. ज्या बाईच्या दारावर चिचा झाल्याचं पांढरं निशाण बघून अरानीची माणसं चालत येत, तिच्या मेजावर मी विकतची चिचा ठेवू? आणि विकत म्हणजे कुणाची, तर भिंतीपलीकडच्या सिप्रियानाची. आसुन्ता त्या वाटीला ओठ लावायची नाही. एवढ्या लांबून आलेली बाई तहानलेली परत गेली, तर पुढच्या वर्षी येईलच असं मला कोण लिहून देणार आहे?

तेव्हा चिचा मीच करणार आहे. तुम्ही हसाल. हसा. मोड आणलेला मका वाळवून, दळून ठेवला आहे. आसुन्ताच्या मोठ्या हंड्यात उद्या उकळायला घालतो. ती कसं करायची ते मी इतकी वर्षं दारातून बघितलं आहे, हात दुखेपर्यंत ढवळायचं हे कळतं. तिचा रांजण मात्र बघवत नव्हता. आत इतका जुना साका पापुद्र्यासारखा बसला होता की मला लाज वाटली. राख, चुना आणि कढत पाणी घेऊन खरवडला, घासला आणि उन्हात पालथा घातला. आता आतून बोट फिरवलं तर बोट कोरडं आणि स्वच्छ निघतं. लग्नाच्या टोपीलाही मी इतकी मेहनत घेतलेली नाही.

एकच गोष्ट मला येत नाही. चिचा झाली हे कळतं कसं? रोज संध्याकाळी ती माझ्यासाठी भोपळ्याच्या वाटीतून चिचा आणायची. मी पिऊन काय ते बोलायचो, ती वाटी घेऊन जायची. मग एके दिवशी निशाण वर चढलेलं दिसायचं. तिने कशावरून ठरवलं हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही तिची थोरली बहीण. तुम्हाला तिने सांगितलं असेल. लवकर कळवा, कारण रात्री झोप लागत नाही.

माझ्या लेकीला बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी तुम्ही धरलंत, त्या कोमाद्रेच्या नात्याने हक्काने विचारतो. राग नसावा, माया कमी करू नये.

तुमचा,
नासारिओ


पुनाता,
१२ ऑक्टोबर १९६२

आदरणीय कोमाद्रे होविता यांस,

नासारिओचा स. न. वि. वि.

तुमचं उत्तर नाही. सेवेरोला विचारलं, तर म्हणतो टोपी धुवायला दिली होती. पत्र त्याआधी काढलं की नंतर ते त्याला आठवत नाही. म्हणून हे दुसरं लिहितो. मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

चिचा रांजणात भरली. रोज कान लावून ऐकलं. आसुन्ताच्या वेळी रांजण आतून फसफस करायचा, आणि ती म्हणायची की अजून बोलतोय, गप्प होऊ दे. माझा रांजण पहिल्या दिवसापासून गप्प. मला वाटलं, माझा हात चांगला, लवकर झाली. फेस नाही, आवाज नाही, वर कसं आरशासारखं. मी विचार केला की सणाआधी लोकांनी एकदा पिऊन बघावी, म्हणजे धाकधूक राहणार नाही. आणि आसुन्ताच्या बांबूवर आसुन्ताचंच पांढरं फडकं बांधून दारावर उभं केलं.

गल्लीतून माणसं आली. आसुन्ता गेल्यापासून ते निशाण कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे काहींनी आत येताना टोप्या काढल्या. मी आधी धरतीमातेला जमिनीवर शिंपडलं, मग सगळ्यांना वाट्या भरून दिल्या. कौलं घालणारा मेल्कियादेस, त्याला तुम्ही ओळखता, पडत्या घराचंही कौतुक करील असा माणूस. त्याने वाटी हळूच खाली ठेवली आणि फार अदबीने विचारलं की गल्लीतल्या मुलांना बोलावून आणू का, त्यांना आवडेल.

तेव्हा मी चाखली. गुळाचं पाणी, कोमाद्रे. नुसती उपी. पोरांना देतात ती, न आंबलेली.

सिप्रियाना भिंतीवर हात टेकून सगळं बघत होती. हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली की नासारिओ, ते फडकं उतरव, त्याच्यावर बिचारीचं नाव आहे.

मी उतरवलं. आता रांजणभर उपी आहे, सण तोंडावर आला आहे आणि मका संपला आहे. पोटातही दुखतं आहे, पण ते बहुतेक यामुळेच. काय करू ते कळवा.

तुम्हीही मला टाकू नका, एवढं मागणं.

नासारिओ


ओरुरो,
१५ ऑक्टोबर १९६२

प्रिय नासारिओ यास,

होविताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू रांजण धुतलास.

मी तुझं पहिलं पत्र सुनेकडून वाचून घेत होते. त्या ओळीपाशी आल्यावर तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. मग मी अंथरुणावर बसून इतकी हसले की शेजारीण दारात आली. हसून झाल्यावर थोडी रडलेही, ते तुला कळवण्यासारखं नाही.

अरे बाबा, ज्याला तू घाण म्हणून खरवडलंस, त्यातच सगळा जीव होता. आपण चिचेत वेगळं काही घालतो का? उकळलेलं पाणी रांजणात गेलं की तो जुना साका जागा होतो आणि त्याला बोलायला लावतो. आमच्या आईने तो रांजण कधी पाण्याने विसळलासुद्धा नाही. आसुन्ता तर सासरी येताना कपड्यांची पेटी विसरली होती, रांजण विसरली नाही. तू त्याला राख, चुना आणि ऊन दाखवलंस. टोपीवाल्याच्या हाती रांजण दिला की असं होतं. तुझ्याकडे बाळ सांभाळायला दिलं असतं तर त्यालाही खळ लावून उन्हात ठेवलं असतंस.

पत्र बंद करतेय तोवर सेवेरो तुझं दुसरं घेऊन आला. तेही ऐकलं. नासारिओ, एक गोष्ट लक्षात ठेव. गप्प रांजण दोन प्रकारचा असतो. एक बोलून झालेला, आणि दुसरा बोलायला लागलेलाच नाही असा. कान लावून दोन्ही सारखेच वाटतात. आसुन्ता गेल्यावर तूही असाच गप्प बसलास, आणि गल्लीला वाटलं म्हातारा सावरला. मला तेव्हाही ते खरं वाटलं नव्हतं.

आता रडणं पुरे. उपी फेकू नको, अजून काही बिघडलेलं नाही. सगळी परत हंड्यात ओत, चांगली उकळ, मग बोट बुडवून चटका बसणार नाही इतकी निवू दे. मग तिला दुसऱ्या जिवंत रांजणातला साका लागेल. माझा इथून पाठवला असता, पण ओरुरोत माझा रांजण तीन घोंगड्यांखाली झोपलेला असतो. सेवेरोच्या ट्रकमध्ये तो खिंडीतच गारठून मरेल.

तेव्हा साका मागायचा तो भिंतीपलीकडे. हो, सिप्रियानाकडे. तुला आवडणार नाही हे मला माहीत आहे. तिचा बांबू आसुन्ताच्या बांबूपेक्षा हातभर उंच होता म्हणून त्या दोघी इतकी वर्षं बोलल्या नाहीत, हेही मला माहीत आहे. पण आसुन्ताने तुला विचारलं असतं की तुझा मान मोठा की माझं मेज, तर तू काय सांगितलं असतंस? जा. टोपी काढून जा.

सुनेचे दिवस भरत आले आहेत, म्हणून मला निघता येत नाही, नाहीतर मीच येऊन तुझे कान उपटले असते.

काळजी घे. माझं प्रेम आहे तसंच आहे, रांजण धुतलास तरी.

होविता


पुनाता,
२२ ऑक्टोबर १९६२

आदरणीय कोमाद्रे होविता यांस,

नासारिओचा स. न. वि. वि.

गेलो. टोपी काढून गेलो. हातात काहीतरी असावं म्हणून तिची जुनी पिवळी पडलेली टोपी, जी माझ्या दुकानात पडून होती, ती पांढरी करून नेली.

सिप्रियाना मका निवडत होती. तिने टोपी घेतली, उलटी करून बघितली, कडेला डाग राहिला आहे म्हणाली. राहिलेला नव्हता. मी काय हवं ते सांगितलं. तिने बराच वेळ मका निवडला. मग म्हणाली की एक तारखेला दुपारी आसुन्ता येणार, तिच्यापुढे तू उपी ठेवणार, मग ती भिंतीवरून वाकून मला विचारणार की माझ्या म्हाताऱ्याला तू असं कसं करू दिलंस. त्या बाईचं जिवंतपणी कमी ऐकलं नाही, आता मेल्यावर रात्रभर ऐकायची माझी तयारी नाही. असं म्हणत ती आत गेली आणि तुटक्या कानाच्या कुंडीतून साका घेऊन आली. दाट, करडा, आणि वासाने डोळ्यांत पाणी आलं. आसुन्ता असताना आमच्या घराला तोच वास असायचा.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. बोट बुडवलं, चटका बसला नाही, मग साका घातला, झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर घरात कुणीतरी कुजबुजत होतं. मला आधी भीती वाटली. मग कळलं, रांजण. आसुन्ताचं ते बुटकं स्टूल त्याच्याशेजारी होतंच. मी तिथे बसलो आणि कोंबड्यांना दाणे टाकायचे विसरलो. हे कुणाला सांगू नका.

पण आता नवी चिंता आहे. तो फार बोलतो आहे. फेस काठावरून खाली आला. मी पुसला, मग वाटलं पुसायला नको होता. वारा लागतो म्हणून माझा पोंचो गुंडाळला, मग गरम होईल म्हणून काढला, आता पुन्हा गुंडाळला आहे. सणापर्यंत हा थांबेल का? आणि थांबला तर झाला म्हणून थांबला की मेला म्हणून थांबला, हे मी कसं ओळखू? गप्प राहण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. फार लवकर उघडली तर पुन्हा गुळाचं पाणी, उशीर केला तर आंबटढाण होईल. एकदा आसुन्ताच्या नावाचं फडकं उतरवलं, दुसऱ्यांदा माझ्याने उतरवलं जाणार नाही.

तिला कसं कळायचं हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही. मुद्दाम लिहीत नाही की विसरलात? कृपा करून लिहा.

मी बहुतेक पुन्हा आजारी पडतो आहे. तुमच्या आशीर्वादावर चाललं आहे, तो चालू ठेवा.

नासारिओ


ओरुरो,
२६ ऑक्टोबर १९६२

प्रिय नासारिओ यास,

होविताचे आशीर्वाद. वि. वि.

पोंचो गुंडाळलेलाच राहू दे आणि झाकण उघडणं बंद कर. तू काय करत असशील ते मला इथून दिसतं.

खुणा विचारतोस तर घे. फेस खाली बसतो, वर साय पातळ होऊन फुटते, आतला आवाज हळू होत जातो, आणि जिभेवरची गोडी जाते. पण जीभ फार फसवी असते. सकाळी गोड लागतं ते संध्याकाळी लागत नाही. जो माणूस दिवसभर चाखत बसतो त्याला शेवटी काहीच कळत नाही. आणि तू दिवसभर चाखत बसणार, म्हणून या खुणांचा तुला काही उपयोग नाही.

तेव्हा मी सांगते तेवढंच कर आणि का म्हणून विचारू नको. रोज संध्याकाळी, आसुन्ता तुला वाटी आणून द्यायची त्या वेळी, एक वाटी भर. ती घेऊन भिंतीपाशी जा आणि सिप्रियानाच्या समोर उभा राहून पी. तुला जे काही वाटेल ते तिला सांग. चिचेबद्दल असो, वाऱ्याबद्दल असो, पोटाबद्दल असो. मनात ठेवू नको, तुला ते जमतही नाही. झाली की नाही ते ती सांगेल. तिला चाखायचा आग्रह करू नको, ती चाखणार नाही. आणि ती नाही म्हणाली तर वाद घालू नको.

दिवसातून एकदाच. इतर वेळी टोप्या कर.

इथे मीही मेज मांडते आहे, माझ्या म्हाताऱ्यासाठी, नेहमीसारखं. त्याला बटाट्याशिवाय काही आवडायचं नाही, त्यामुळे माझं काम सोपं आहे. सुनेला चालायला त्रास होतो, बहुतेक सणाच्याच सुमारास मोकळी होईल. आसुन्ताच्या मेजावर माझ्या नावाने एक फूल ठेव, पिवळं.

घाबरू नको. तिचं प्रेम तुझ्या चिचेवर अडलेलं नाही. पण चिचा चांगली कर.

होविता


पुनाता,
३ नोव्हेंबर १९६२

आदरणीय कोमाद्रे होविता यांस,

नासारिओचा स. न. वि. वि.

पिवळं फूल ठेवलं. आधी ते लिहितो, नाहीतर विसरेन.

तुम्ही सांगितलं तसं रोज भिंतीपाशी गेलो. पहिल्या संध्याकाळी मी सांगितलं की दात आंबतात इतकी गोड आहे. सिप्रियाना नाही म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या वेळी घशाला सुया टोचल्या, ते सांगितलं. नाही म्हणाली. मग एका संध्याकाळी पिठाचा वास येत होता, वारा सुटला होता, पावाच्या भट्टीतून धूर माझ्याच घरात येत होता आणि सेवेरोने ऊस वाकडा आणला होता. ते सगळं सांगितलं. वाटी अर्धी तशीच राहिली. नाही म्हणाली. सणाच्या आदल्या संध्याकाळी मी जवळजवळ भांडलो. म्हटलं, रांजण शांत आहे, फेस बसला आहे, चव नुसती जराशी जड आहे, एवढंच. ती म्हणाली, तू अजून जराशी म्हणतोस ना, मग नाही. आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी मेज मांडलं. काळं कापड, त्यावर पावाची शिडी, म्हणजे तिला वरून उतरता येईल. पावाची बाळं केली होती, त्यातल्या एकाचं नाक भट्टीत चपटं झालं आणि ते हुबेहूब मेल्कियादेससारखं दिसायला लागलं. शेंगदाण्याचं कालवण केलं, ते तिच्यासारखं दाट झालं नाही. दुपार जवळ येत होती आणि रांजण अजून बंद होता. शेवटी संध्याकाळची वाट न बघता वाटी भरून भिंतीपाशी गेलो.

सिप्रियाना नवी पांढरी केलेली टोपी घालून उभी होती. मी कुठून सुरुवात केली ते आता आठवत नाही. बहुतेक टोपीवरूनच. आसुन्ता पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती चिखलात पडलेली टोपी घेऊन. मी ती पांढरी करून, कडक करून दिली, तर म्हणाली की ही टोपी आहे की हंडा, डोक्यावर ठेवली तर मान मोडेल. मी म्हटलं, मऊ हवी असेल तर मांजर ठेव डोक्यावर. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी तीच टोपी पुन्हा मळवून घेऊन आली. मुद्दाम मळवली होती, कडेला बोटांचे ठसे दिसत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. का ते कळत नाही, पण मी बोलत राहिलो. ती शेवटच्या दिवसांत कसं रांजणाकडे तोंड करून झोपायची, तेही बोललो. सिप्रियानाची नजर माझ्यावरच होती.

मग ती म्हणाली, "जा, निशाण बांध."

मी म्हटलं, तू तर थेंबही चाखला नाहीस. तिने फक्त माझ्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलं. वाटी रिकामी होती. मला वाटलं, बोलण्याच्या नादात सांडली.

निशाण बांधलं. गाठ दोनदा सुटली. दुपारच्या घंटा वाजल्या तेव्हा आसुन्ताची वाटी भरून मेजावर ठेवलेली होती. माणसं प्रार्थना म्हणायला आली. मेल्कियादेसने पहिली वाटी डोळे मिटून घेतली, जसं काही कडू औषध घ्यायचं आहे. मग डोळे उघडले आणि वाटी पुढे केली. नंतर तो इतक्या प्रार्थना म्हणाला की त्याचा आवाज बसला. सिप्रियाना भिंतीवरून नाही, पुढच्या दारातून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने आसुन्ताच्या नावाने प्रार्थना म्हटली, वाटी प्यायली, चिचेबद्दल चांगलं वाईट एक अक्षर काढलं नाही. दुसरी वाटी मात्र मागून घेतली.

काल दुपारी मेज उचललं तेव्हा आसुन्ताच्या वाटीतली चिचा बोटभर खाली गेली होती. उन्हाने आटली असेल असं मेल्कियादेसची बायको म्हणाली. मी तिला पाव दिला आणि घरी पाठवलं.

आता तरी सांगा. सिप्रियानाला कसं कळलं? तिने रांजण पाहिला नाही, कान लावला नाही, थेंब चाखला नाही. माझ्याकडे बघत होती, तेवढंच.

बाळाचं कळवा. मी बरा आहे. खोकलासुद्धा या दोन दिवसांत आला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तुमची माया माझ्यावर राहो.

नासारिओ


ओरुरो,
९ नोव्हेंबर १९६२

प्रिय नासारिओ यास,

होविताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुलगा झाला. सून बरी आहे. नातू दूध पिताना असं तोंड वाकडं करतो, जसं काही दूध नीट आंबलेलं नाही. मला तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची आठवण आली नाही.

आता तुझं उत्तर. रागावू नको, बसून वाच.

आसुन्ताचा जिभेवर भरवसा नव्हता. तिचा भरवसा तुझ्यावर होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा तिने मला हसत हसत सांगितलं की मला नवरा नाही मिळाला, माप मिळालं आहे. रोज संध्याकाळी ती तुला वाटी द्यायची आणि दाराशी उभी राहायची. तू म्हणायचास गोड आहे, तिखट आहे, वास येतो, पाय दुखतात, वारा सुटलाय, पाद्री फार लांब बोलला. तुला वाटायचं तू दहा वेगवेगळ्या गोष्टी बोलतो आहेस. ती म्हणायची की चिचा कच्ची असली की याला जगात काही बरं दिसत नाही. आणि एके दिवशी तू वाटी घ्यायचास, दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागायचास, आणि वाटी कधी संपली ते तुला कळायचं नाही. तुझी कुरकुर थांबली की रांजणाचीही थांबलेली असायची. ती वाटी घेऊन जायची आणि निशाण बांधायची. एकदाही चुकली नाही.

सिप्रियानाला हे ठाऊक होतं. भिंत काय एवढी उंच आहे का? तिकडे ती रोज कान देऊन असायची. तुझी कुरकुर बंद झालेली ऐकली की समजायची, आसुन्ताचं निशाण आता चढणार, आणि घाईने आपलं चढवायची. बांबूची उंची हे भांडणाचं निमित्त होतं. खरं भांडण हे होतं की ती आसुन्ताचा नवरा फुकटात वापरते.

सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुला कुणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू रोज वाटी घेऊन आपल्याच तोंडाची चव घेत बसला असतास आणि त्या दिवसापासून पुनात्यात कुणालाच धड चिचा मिळाली नसती. मीही तुला सणाआधी सांगितलं नाही ते त्याचमुळे. आसुन्ताला मी वचन दिलं होतं. पण आता तिचं मेज होऊन गेलं आहे, ती वाटी पिऊन गेली आहे, आणि मला वाटतं तिचीही हरकत नसेल.

रांजण धुऊ नको.

तुझ्यावर जेवढा राग येतो तेवढंच प्रेमही आहे. तूही आपलं प्रेम राहू दे.

होविता


पुनाता,
१७ नोव्हेंबर १९६२

आदरणीय कोमाद्रे होविता यांस,

नासारिओचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहिलं नाही, कारण रागावलो होतो. पहिली वाटी ती मला मानाने देते असं मी आजवर समजत होतो. घरातला कर्ता माणूस म्हणून. आणि तुम्ही लिहिता, माप.

राग धरून टोप्या करत बसलो. पण एक गोष्ट मनातून जाईना. ती वाटी देऊन दाराशी उभी राहायची, ओले हात झग्याला पुसत. मला वाटायचं, वाटी परत न्यायला थांबली आहे, आणि मी मुद्दाम सावकाश प्यायचो, तिची घाई बघून. ती माझ्याकडे बघत होती हे मला कधी कळलंच नाही. इतकी वर्षं, रोज संध्याकाळी. आमच्या पुनात्यात इतकं कुणाच्या नवऱ्याकडे कुणी बघत नाही, कोमाद्रे. चांगल्या दिसणाऱ्यांकडेसुद्धा.

नातवाला माझा आशीर्वाद. त्याला तोंड वाकडं करू द्या, कुणी अडवू नका.

रांजण धुतलेला नाही. तळाशी साका आहे, त्यावर झाकण ठेवलं आहे, आणि झाकणावर दगड, माझाच मला भरवसा नाही म्हणून.

परवा सिप्रियानाने निशाण चढवलं. थोड्या वेळाने भिंतीवरून एक हात आला, हातात वाटी. कशासाठी म्हणून मी विचारलं नाही. प्यायलो आणि म्हटलं की गोड आहे, तळाशी पीठ लागतं, आणि तुझा कोंबडा माझ्या कौलांवर चढतो. तिने मला काय काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण फडकं उतरवलं.

काल पुन्हा वाटी आली. गोडी कमी होती, पण वारा होता.

आत्ताही आली आहे. तेव्हा इथेच थांबतो, कोमाद्रे, माया असू द्या. ती भिंतीपाशी उभी राहून माझ्याकडे बघते आहे.

तुमचा,
नासारिओ